वरून दिसलेली रेघ

धुळ्यातलं आमचं घर यंत्रमागाच्या शेडला पाठ लावून उभं होतं. मधली भिंत एकच. माग चालू असले की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे, आणि वीज गेली की ती किणकिण एकदम थांबायची आणि अम्मी हातातलं काम टाकून वर बघायची, जणू कुणी हाक मारली. अब्बा त्याच शेडमध्ये कामाला होते. इतकी वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. नव्या माणसाला वाटावं, इथं भांडण पेटलंय. बोलायचो आम्ही आमची घरातली हिंदी, अर्धी अहिराणी मिसळलेली. इथं मी ते मराठीतच लिहिते आहे, कारण माझी शाळा मराठी होती आणि नीट विचार करायला मी तिच्यातच शिकले.

अम्मी बांगड्या विकायची. आम्ही मनियार, तिच्या आईनंही तेच केलं होतं, आजीनंही. आठवड्याचे बाजार ठरलेले असायचे. सकाळी ती काचेच्या बांगड्या दोरीत ओवून त्यांचे रंगवार झुबके करायची आणि एका जाड निळ्या कापडात गाठोडं बांधायची. बाजारात बाई समोर बसली की अम्मी तिचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, पंजा दाबून दाबून मऊ करायची आणि म्हणायची, "ढिला सोड, माय, ढिला सोड." बाया तेवढ्या वेळात तिला काय काय सांगून टाकायच्या. लहान पोरी घुटमळायला लागल्या की त्यांना ती एखादी बारकी बांगडी तशीच घालून द्यायची. संध्याकाळी ती परत आली की मी भाकरी थापलेली असायची, ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या पिठाची, आणि हिवाळा असला तर वांग्याचं भरीत. त्यात कांद्याची पात आणि शेंगदाणे घातल्याशिवाय अब्बा ताट पुढं ओढत नसत. रविवारी मटण शिजायचं, काळ्या मसाल्यातलं. त्या मसाल्याचा वास मागांच्या तेलाच्या वासावर मात करायचा तेवढेच दोन तास.

मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होते. घरातल्या कुणाला त्याचा अर्थ नीटसा माहीत नव्हता. अब्बा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी दगडांचं शिकते." खरं तर मी ज्या दगडांचं शिकत होते ते पृथ्वीवर नव्हतेच. आमचे देवरे सर ग्रहांच्या पृष्ठभागावर काम करायचे. चंद्राभोवती, मंगळाभोवती यानं फिरतात आणि खालच्या जमिनीचे फोटो पाठवत राहतात. ते फोटो घरबसल्या कुणालाही उघडून बघता येतात, हे सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर त्यांनी मला बसवलं आणि चंद्राचा एक तुकडा उघडला. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "उंचवटा." त्यांनी फोटो तसाच उलटा फिरवला. तो खड्डा झाला. "ऊन कुठून येतंय ते आधी बघायचं," सर म्हणाले, "मग तोंड उघडायचं." त्या दिवसापासून मी त्या फोटोंच्या नादी लागले. सावलीच्या लांबीवरून खड्ड्याची खोली काढायची, कुठला खड्डा कुठल्याच्या अंगावर पडलाय ते बघून आधीचा कोणता, नंतरचा कोणता हे ठरवायचं, लाव्हा कुठून वाहत आला आणि कुठं थिजला ते शोधायचं. मंगळावरचा एक भाग तर मला आमच्या मोहल्ल्यापेक्षा जास्त पाठ झाला होता.

त्या भागात काही सरळ, बारीक, लांबच लांब रेघा होत्या. जमिनीतून वर आलेल्या भिंतींसारख्या. सरांना वाटायचं की त्या आपल्या खानदेशात आहेत तशाच भिंती असाव्यात. आपल्याकडं शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, आणि तिकडं पश्चिमेलाही काळ्या दगडाच्या अशा भिंती शेतांतून, टेकड्यांवरून कोसच्या कोस गेलेल्या आहेत. कुणी बांधलेल्या नाहीत. फार पूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांत खालून लाव्हा चढला आणि तिथंच गोठला. पुढं आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि हा कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. उपग्रहाच्या फोटोत त्या काळ्या रेघेसारख्या दिसतात. सर म्हणाले, "मंगळावर जाऊन कुणी हात लावून बघणार नाही. इथं बघता येतं. वरून जे दिसतं ते खाली खरंच तसं असतं का, एवढं तू मला सांग." मी उपग्रहाच्या फोटोवर एक लांब रेघ निवडली आणि जिथं जिथं जाऊन बघायचं तिथं तिथं लाल फुल्या मारल्या. काही फुल्या डोंगरात पडल्या, काही शेतात. तीन-चार एका वस्तीवर पडल्या, कारण रेघच त्या वस्तीमधून जात होती. फोटोत ती वस्ती म्हणजे थोडी चौकोनी छपरं होती. मी त्यांच्याकडं तेवढंच पाहिलं.

त्याच दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरायला लागला होता. पोरं पळवणारी टोळी उतरली आहे, बायका बांगड्या नाही तर चादरी विकायच्या निमित्तानं येतात, पोराला काहीतरी हुंगवतात, असं त्यात एक माणूस ओरडून सांगायचा. व्हिडिओ कुठला होता, कधीचा होता, कुणालाच माहीत नव्हतं. अम्मीला तो बाजारात दोघी-तिघींनी हसत हसत दाखवला होता आणि तीही हसली होती. अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ आवाज न ऐकता पाहिला होता. कदाचित म्हणूनच त्यांना त्यातल्या माणसाचा चेहरा नीट दिसला. "सध्या कुठं जाऊ नका," ते म्हणाले. पण सर्वेक्षण त्याच महिन्यात संपवायचं होतं, नंतर परीक्षा होत्या. सर स्वतः बरोबर येणार होते, पण त्यांची आई पडून तिचं हाड मोडलं आणि ते नाशिकला गेले. त्यांनी कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र दिलं. मुलगी एकटी ड्रायव्हरबरोबर कशी पाठवायची, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा अम्मी म्हणाली, "मी जाते. दुसऱ्या दिवशी तिकडचा बाजारही होईल." अब्बांनी परत एकदा "नको" म्हटलं. अम्मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "बायका आहेत हो तिथं. मी जन्मभर बायकांतच वावरले."

रिक्षा भिकनभाऊंची होती. ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे आणि अम्मीला बाजाराला न्यायचं काम कितीतरी वर्षं तेच करत होते. अंगानं जाड, बोलायला अगदी कमी, आणि रिक्षात पुढं लावलेल्या गणपतीला रोज जास्वंद वाहणारे. शिरपूरला आम्ही चहा प्यायलो. पुढं कापसाची शेतं मागं पडली, रस्ता चढायला लागला आणि उजवीकडं मला पहिल्यांदा ती भिंत दिसली. काळी, पुरुषभर उंच, टेकडीच्या अंगावरून सरळ उतरून रस्त्याखाली गेलेली. मी ओरडलेच. इतके महिने जी रेघ मी बोटाच्या पेरावर मोजली होती ती समोर उभी होती आणि तिच्यावर शेळ्या चढल्या होत्या. अम्मी म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि हसली. दोन ठिकाणची कामं छान झाली. मी दगड फोडला, ताज्या तुकड्यावर भिंग धरलं, रुंदी मोजली, फोटो काढले. भिकनभाऊ मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. मग आम्ही त्या वस्तीत गेलो.

वस्तीचं नाव मी लिहीत नाही. तिथं आज दुसरीच माणसं राहत असतील. भिंत अंगणवाडीच्या मागून गेली होती. अंगणवाडीला टेकूनच, म्हणाना. मी तिथं जाऊन दगडाला हातोडी लावली तशी आतली पोरं दाराशी आली. अम्मी सावलीत गाठोडं घेऊन बसली होती. चार-पाच वर्षांची एक मुलगी तिच्यापाशी सरकत सरकत गेली आणि तिनं आपला हात पुढं केला. अम्मीनं गाठोड्याची गाठ सैल करून एक बारकी हिरवी बांगडी काढली, मुलीचा हात हातात घेतला आणि ती नेहमीसारखं म्हणाली, "ढिला सोड, माय."

मी भिंगातून दगड बघत होते. मला आधी फक्त आवाज ऐकू आला. एक बाई लांबून पळत येत ओरडत होती, "पोर लई चालनी! पोर लई चालनी!" पोर घेऊन चालली. अम्मीनं मुलीचा हात सोडला नाही, कारण बांगडी पंजावर अर्धी अडकली होती आणि ओढली असती तर फुटून लागली असती. लांबून बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसलं असणार की एका परक्या बाईनं पोरीचा हात घट्ट धरलाय आणि पोरगी रडतेय.

माणसं कुठून आली हे मला सांगता येणार नाही. एक क्षण तिथं कुणी नव्हतं आणि पुढच्या क्षणी अंगणवाडीची भिंत, ती काळी भिंत आणि माणसं यांच्या मध्ये आम्ही तिघं होतो. काहींच्या हातात काठ्या होत्या, एकाच्या हातात नांगराचा तुटका दांडा. मधूनच अहिराणी यायची, पण आपसात ते त्यांच्या डोंगरातल्या बोलीत बोलत होते. ती मला कळत नव्हती. ते आमच्याबद्दल काय ठरवताहेत हेच कळत नव्हतं. या गोष्टीची भीती मी अजून विसरलेले नाही. मग एक तरुण पुढं झाला आणि अहिराणीत म्हणाला, "कथाईन उनात तुम्ही?" कुठून आलात. भिकनभाऊ म्हणाले, "धुळ्याहून, भाऊ. ही पोर शिकते. दगडांचा अभ्यास आहे." तरुणानं मला नाव विचारलं. त्या क्षणी मला माझं नाव सांगायची भीती वाटली, आणि सांगत नाहीये हे त्यांना दिसतंय याचीही. भिकनभाऊंनी आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. त्याचा काहीही उपयोग झाला नाही. मी पत्र काढून पुढं केलं. तरुणानं ते वाचलं, दुसऱ्याकडं दिलं. दुसरा म्हणाला, "शिक्का काय, बाजारात बनवून मिळतो."

मग कुणीतरी, मी जागा बघायला आणलेला टॅब माझ्याकडून ओढून घेतला. पडदा चालू होता. त्यावर उपग्रहाचा तो लाल फुल्यांचा फोटो होता, आणि मी घाईत त्यांची वस्ती मोठी करून ठेवलेली होती. त्या माणसानं तो बराच वेळ बघितला. बोट लावून छप्पर दाखवलं. "हाई मन्हं घर शे," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. हे माझं घर. मग आजूबाजूच्यांना दाखवत, "हाई अंगणवाडी. लाल निशाण कसाना शेतस?" लाल खुणा कशाच्या आहेत? मी सांगायला लागले. दगड, लाव्हा, रेघ, उपग्रह. शेवटी मी मंगळ म्हणाले. मला अजून माझा तो आवाज ऐकू येतो. घराघरांवर खुणा करून आलेली एक मुलगी मंगळाबद्दल बोलत होती. टॅब भिंतीवर आपटला गेला. भिकनभाऊ मध्ये पडले तर त्यांच्या कानशिलावर काठी बसली आणि ते गुडघ्यांवर आले. त्यांच्या मानेवरून रक्त शर्टात उतरताना मी पाहिलं, आणि माझी सलवार ओली झाली. मला कळलंही नाही आधी. वाटलं, कुणी पाणी टाकलं.

अम्मी तेव्हा खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती मांडी घालून बसली होती, त्या सगळ्या पायांच्या मध्ये, आणि तिनं निळं कापड पसरून बांगड्यांचे झुबके मांडायला सुरुवात केली. मांडता मांडता काच सारखी वाजत होती. मग तिनं त्या मुलीच्या आईकडं बघितलं. मुलीला कडेवर घेऊन ती समोरच उभी होती. तिचं नाव रेवाबाई, हे आम्हाला नंतर कळलं. "पोर पळवणारी बाई दुकान मांडून बसते का, माय?" अम्मी अहिराणीत म्हणाली. "तुझ्या पोरीला बांगडी घालत होते. तुलाच घालते. सगळ्यांदेखत घालते. हात दे." रेवाबाई हलली नाही. मागून एक म्हातारी काहीतरी बोलली. कुणीतरी तिला गप्प केलं. अम्मीनं आपला हात तसाच वर धरून ठेवला होता. मग रेवाबाईनं मुलीला त्या म्हातारीकडं दिलं, खाली बसली आणि आपला डावा हात पुढं केला.

का केला, हे मला आजही ठाऊक नाही. मी आयुष्यभर त्याची कारणं शोधली. कधी वाटतं, तिनं जवळून अम्मीचा चेहरा बघितला. कधी वाटतं, तिला नुसत्या बांगड्या हव्या होत्या. अम्मी पंजा दाबत होती. ओरडा चालूच होता, पण ज्यांच्या हातांत काठ्या होत्या त्यांना आता मारायचं झालं तर रेवाबाईवरून मारावं लागलं असतं. एकेक बांगडी चढत होती. हात भरला तेवढ्यात गावचा पोलीस पाटील शेतातून धावत आला, धापा टाकत, पायाला चिखल. "बठ्ठा मांगे सरका!" तो ओरडला. सगळे मागं सरका. कुणी सरकलं नाही. पण त्यानं आम्हा तिघांना अंगाखाली घेतल्यासारखं करून शाळेच्या खोलीकडं ढकलत नेलं. अम्मीनं बांगड्यांसकट निळं कापड गोळा करून पोटाशी धरलं होतं. दाराशी अम्मी वळली आणि रेवाबाईला म्हणाली, "एक हात भरला, माय. दुसरा रिकामा ठेवून मी कशी सोडू? अपशकुन होतो." रेवाबाईनं एकदा मागं बघितलं आणि ती आमच्याबरोबर आत आली. पाटलानं बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

खोलीला पत्र्याचं छप्पर होतं. पहिला दगड पडला तेव्हा मी किंचाळले. नंतर किंचाळायचीही ताकद राहिली नाही. दगड पडायचा, उतारावरून गडगडत जायचा आणि तो खाली पडेपर्यंत आम्ही वर बघत राहायचो. मग दुसरा. खिडकीतून डिझेलचा वास यायला लागला. त्यांनी रिक्षा उलटी केली होती. भिकनभाऊंनी तो वास ओळखला आणि माझ्याकडं बघून नजर काढून घेतली. त्यावरून मला समजलं की त्यांना काय वाटतंय. खोलीला दार एकच होतं. फळ्यावर कुणीतरी बाराखडी लिहिलेली होती, ती मी वाचायला लागले. क, का, कि. पुढचं अक्षर काय, ते मला आठवेना. समोर लिहिलेलं असून आठवेना. अम्मीनं माझ्याकडं पाहिलं, गाठोड्याचं निळं कापड माझ्या मांडीवर टाकलं, कडा खोचल्या, आणि काही झालंच नाही अशी पुन्हा रेवाबाईसमोर बसली.

उजवा हात भरायला तिनं जितका वेळ लावला तितका लावताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. रंग बदलले. घातलेली बांगडी काढली, दुसरी घातली. मोठा दगड पडला तेव्हा तिचा हात दचकला, एक बांगडी फुटली आणि रेवाबाईच्या मनगटावर रक्त आलं. "माफ कर, माय, माफ कर," अम्मी म्हणाली आणि पहिल्यांदा रडायला लागली. रडत रडत आपल्या पदरानं तिचं मनगट पुसत राहिली. रेवाबाई ते बघत होती. मग उठली, खिडकीशी गेली आणि बाहेर बघून आपल्या बोलीत काहीतरी ओरडली. चांगलंच लांबलचक. बाहेरून कुणी पुरुष उलट ओरडला. ती त्याच्यावर आणखी मोठ्यानं ओरडली. त्यानंतरही दगड आले, पण कमी आले. पुढं पाटलानं सांगितलं, ती म्हणाली होती की मी आत आहे, हातात नुकत्याच भरलेल्या बांगड्या आहेत, आणि छप्पर पडलं तर माझं मूल तू सांभाळशील का.

पोलिसांची गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. आम्हाला अंगावर घोंगड्या टाकून गाडीत बसवलं. रेवाबाई दाराशी उभी होती. अम्मीला तिच्याशी काही बोलायचं होतं, पण हवालदारानं घाई केली. गाडीत पाटील सांगत होता की चार दिवसांपूर्वी शेजारच्या पाड्यावरचं एक पोर दिवसभर सापडलं नव्हतं. मावशीकडं जाऊन झोपलेलं निघालं, पण तोवर सगळ्या डोंगरात ओरड झाली होती. बायका रात्री पोरांच्या पायाला पदर बांधून झोपत होत्या. तीही भ्यालेलीच माणसं होती. हे मला तेव्हा समजलं, आजही समजतं. समजल्यानं माझी भीती कमी झाली नाही, एवढंच.

घरी अब्बा धावतच पुढं आले. त्यांना फोनवर नीट ऐकू आलं नव्हतं. फक्त "शिरपूर" आणि "पोलीस" एवढंच कळलं होतं आणि तेवढ्यावर ते संध्याकाळपासून दारात बसले होते. त्यांनी अम्मीच्या डोक्याला, खांद्यांना, हातांना हात लावून पाहिलं, मग माझ्या. जेवण कुणी केलं नाही. बंद झालेले माग मध्येच पुन्हा सुरू झाले, पेले वाजायला लागले, आणि मी ओरडून भिंतीपासून लांब पळाले. त्यानंतर मला मावशीकडं, जळगावजवळच्या एका खेड्यात ठेवलं. तिथं केळीच्या बागा होत्या, माणसं थोडी होती, आणि कुणी दारावर थाप मारली तरी मी मोरीत जाऊन बसायची. भिकनभाऊंना त्या कानानं पुढं कधी नीट ऐकू आलं नाही. ते आणि अब्बा मग दोघंही मोठ्यानं बोलायचे, गल्लीच्या तोंडाशी, आणि लोक हसायचे. त्यांनी आम्हाला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यांची रिक्षा गल्लीनं मिळून दुरुस्त करून दिली.

देवरे सर नाशिकहून थेट मावशीकडं आले. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा गार झाला. "मी यायला हवं होतं," एवढंच दोनदा म्हणाले. मग म्हणाले की विषय बदलून घेऊ, कुणी काही विचारणार नाही. मी म्हटलं, नको. का म्हटलं, माहीत नाही. घराबाहेर पडायची माझी हिंमत नव्हती, पण संगणकासमोर बसलं की मंगळावरची ती ओसाड जमीन उघडायची, तिच्यावर ऊन कुठून येतंय ते दिसायचं, आणि तेवढा वेळ माझी छाती धडधडायची थांबायची. मी प्रबंध तसाच पूर्ण केला. नकाशात जिथं जाऊन खात्री केली ती भिंत अखंड रेघेनं काढतात आणि जिथं नुसता अंदाज आहे तिथं तुटक रेघ काढतात, असा आमच्याकडं रिवाज आहे. त्या वस्तीतून जाणारा भाग मी तुटक काढला.

तोंडी परीक्षा जळगावला, विद्यापीठात होती. अम्मी बरोबर आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशा उलटसुलट पाहिला, मंगळाच्या रेघांबद्दल बरंच विचारलं, खूश दिसले. मग त्या तुटक भागावर बोट ठेवून म्हणाले, "हा भाग रस्त्यापासून जवळ दिसतो. इथं तुम्ही गेला नव्हतात का?"

सर खाली बघायला लागले.

"गेले होते," मी म्हटलं.

परीक्षकांना पुढं काहीतरी विचारायचं होतं. माझ्याकडं बघून त्यांनी ते विचारलं नाही. पान उलटलं.

पुढं सबंध आयुष्य मी या कामातच काढलं. चंद्रावर आणि इतरत्र यानं उतरवायला जागा शोधायच्या, उतार किती, धोंडे किती, सावलीत काय लपलंय, हे वरून बघून सांगायचं. आता डोळे थकलेत, तरुण मुलं मोठ्या पडद्यावर फोटो लावून मला विचारतात. त्यांच्यातला कुणी "इथं काहीच नाही, मॅडम" असं चटकन म्हणाला की मी त्याला परत बघायला लावते. कारण सांगत नाही.

तोंडी परीक्षेच्या त्या दिवशी जळगावहून धुळ्याला परतताना बसला गर्दी नव्हती. पारोळ्यापर्यंत अम्मी खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं माझ्याकडं तो फोटो मागितला, ज्याच्याबद्दल एवढे सगळे साहेब विचारत होते. मी फोनवर मंगळाचा तो तुकडा उघडून दिला. तिनं तो बराच वेळ चेहऱ्याजवळ धरला.

"इथं कुणी राहत नाही?"

"नाही, अम्मी."

"एकही माणूस नाही? लेकरू, बाई, कुणीच?"

"कुणीच नाही."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला आणि माझी बोटं त्याच्याभोवती मिटून धरली.

"मग तेच कर," ती म्हणाली. "हेच काम कर, बेटा. दुसरं काही करू नको."